या पेशंटचे मुख्य डॉक्टर कोण?

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



सुरुवातीलाच सांगतो, मी डॉक्टर नाही. मी इंजिनिअर आहे आणि बारा वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. संयोजकांना वाटलं होतं की मी एआयवर नाहीतर नोकऱ्यांवर बोलेन. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मी आज दवाखान्यात ॲडमिट झालेल्या माणसाबद्दल आणि त्याची काळजी घेणाऱ्या डॉक्टरांबद्दल बोलणार आहे.

आधी एक प्रश्न. गेल्या दोन वर्षांत घरातल्या, नात्यातल्या किंवा मोहल्ल्यातल्या कुणासोबत दवाखान्यात रात्र काढलेल्यांनी हात वर करा. बघा, जवळपास सगळेच. आता दुसरा प्रश्न. त्या पेशंटच्या सगळ्या उपचारांची जबाबदारी नेमकी कोणत्या एका डॉक्टरांवर होती, हे कोण सांगू शकेल? आता हात कमी झाले. तीन वर्षांपूर्वी माझाही हात खालीच राहिला असता.

तीन वर्षांपूर्वी माझे अब्बा आजारी पडले. वय ६७. एसटीत ड्रायव्हर होते, आता निवृत्त. शुगर जुनी, बीपी जुनं, हृदयात एक स्टेंट. गावाकडं आठ दिवस ताप अंगावर काढला आणि धाप लागल्यावर मला फोन केला. मी त्यांना पुण्यात आणून एका खासगी रुग्णालयात ॲडमिट केलं. निदान न्यूमोनियाचं झालं.

रुग्णालय चांगलं होतं, डॉक्टरही चांगले होते. छातीचे डॉक्टर यायचे. हृदयाचा इतिहास म्हणून कार्डिओलॉजिस्ट यायचे. शुगरसाठी मधुमेहतज्ज्ञ होते. तिसऱ्या दिवशी क्रिएटिनिन वाढलं म्हणून किडनीचे डॉक्टर आले. प्रत्येक जण आपापल्या वेळेला यायचा, पाच मिनिटं थांबायचा, फाइलमध्ये लिहायचा आणि निघायचा. अब्बा प्रत्येकाला एकच सांगायचे, "ठीक हूँ साहब." मीही मान हलवायचो.

चौथ्या दिवशी रात्री ठरलं की सकाळी पोटाची सोनोग्राफी करायची, त्यामुळं पेशंटला उपाशी ठेवायचं. हा निरोप रात्रीच्या आरएमओनं आम्हाला तोंडी सांगितला. सकाळी सात वाजता सिस्टर आल्या आणि चार्टवर लिहिल्याप्रमाणं त्यांनी नाश्त्याआधीचं इन्सुलिन दिलं. आठ वाजता पाळी बदलली. नव्या सिस्टरना एवढंच माहीत होतं की नाश्ता द्यायचा नाही. सोनोग्राफीचा नंबर लांबला. साडेनऊला मी खाली बिलिंगच्या खिडकीवर पैसे भरत उभा होतो, तेवढ्यात अम्मीचा फोन आला, "तेरे अब्बा कुछ तो भी बोल रैं. अंग पूरा भिगेला है."

मी धावत वर गेलो. अब्बा मला ओळखत नव्हते. सिस्टरनी बोटाला सुई टोचून शुगर बघितली. ४४. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर दहा-पंधरा मिनिटांत ते भानावर आले. मला म्हणाले, "कब आया?" मी तिथंच बाकावर बसून रडलो.

अल्लाहची मेहेरबानी, अब्बा वाचले. आज ते गावात आहेत आणि रोज फजरनंतर चालायला जातात. पण त्या दिवशी मी पहिल्यांदा विचार केला, की चूक कुणाची?

इन्सुलिन लिहिणाऱ्या डॉक्टरांची चूक नव्हती, कारण त्यांनी लिहिलं तेव्हा पेशंट जेवत होता. सोनोग्राफी सांगणाऱ्यांचं काही चुकलं नाही. सात वाजताच्या सिस्टरनी चार्ट पाळला, आठच्या सिस्टरनी निरोप पाळला. त्यात आणखी एक गोष्ट होती. किडनीचं काम मंदावलं की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकतं, म्हणून डोस कमी करायचा विचार करावा लागतो. किडनी मंदावल्याचं एका डॉक्टरांना माहीत होतं, इन्सुलिनचा डोस दुसरे ठरवत होते. फाइल एकच होती, पण दोन्ही पानं एकत्र वाचणं हे कुणाचंच काम नव्हतं.

आमच्या धंद्यात हे रोजचं आहे. दोन टीम आपापला प्रोग्राम नीट लिहितात, दोन्ही तपासणीत पास होतात आणि जोडल्यावर बंद पडतात. दोष जोडावर असतो. म्हणूनच आमच्याकडं रात्री सर्व्हर बंद पडला तर पहिला प्रश्न असतो, आज याची जबाबदारी कुणावर आहे? एक नाव असतंच. एका दुकानाच्या वेबसाइटसाठी आम्ही हे करतो. माझ्या बापासाठी तसं नाव नव्हतं.

त्या संध्याकाळी मी माझ्या चुलतबहिणीला फोन केला. ती माझ्यापेक्षा मोठी, मी तिला आपा म्हणतो. महाराष्ट्रातूनच एमबीबीएस करून ती अमेरिकेत गेली. मी तिला सगळं सांगितलं. तिनं औषधांची नावं विचारली नाहीत. पहिला प्रश्न हाच विचारला, "चाचांचे मुख्य डॉक्टर कोण आहेत?" मी चार नावं सांगितली. ती म्हणाली, "चार नको, एक सांग." मला सांगता आलं नाही. मग ती म्हणाली, "मी इथं तेच एक नाव असते. तेच माझं काम."

आपा हॉस्पिटलिस्ट आहे. मला हा शब्द माहीत होता आणि त्याचीच लाज वाटली. कारण दोन वर्षं मी अमेरिकेतल्या रुग्णालयांसाठीच्या सॉफ्टवेअरवर काम केलं होतं. पाळी बदलताना एका डॉक्टरनं दुसऱ्याला पेशंट सोपवायचा, त्याची स्क्रीन मी लिहिली होती. त्यावर 'हॉस्पिटलिस्ट' असा रकाना होता. तो माणूस काय करतो, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

हॉस्पिटलिस्ट म्हणजे फक्त ॲडमिट असलेल्या पेशंटची, आंतररुग्णांची, काळजी घेणारा डॉक्टर. तो बाहेर दवाखाना चालवत नाही. हृदयाचा, किडनीचा असा तो एका अवयवाचा तज्ज्ञ नसतो. बहुतेक जण मेडिसिनचं प्रशिक्षण घेतलेले असतात.

हा शब्द फार जुना नाही. १९९६ साली रॉबर्ट वॉक्टर आणि ली गोल्डमन या सॅन फ्रान्सिस्कोतल्या दोन डॉक्टरांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक लेख लिहून तो रूढ केला. त्याआधी तिथं फॅमिली डॉक्टरच सकाळी दवाखाना उघडण्याआधी रुग्णालयात जाऊन आपले ॲडमिट पेशंट बघायचे आणि संध्याकाळी परत एक चक्कर मारायचे. पण रुग्णालयातला पेशंट जास्त गंभीर होत गेला. दुपारी दोन वाजता त्याची तब्येत बिघडली, तर डॉक्टर दहा मैलांवर दुसऱ्या पेशंटला तपासत असायचे. दुसरं कारण पैशाचं होतं. १९८३ पासून तिथल्या सरकारी मेडिकेअर विम्यानं आजारानुसार ठरावीक रक्कम द्यायला सुरुवात केली. पेशंट जास्त दिवस राहिला तर तोटा रुग्णालयाचा. मग दिवसभर आतच हजर असणारा डॉक्टर रुग्णालयांनाही हवासा झाला. पुढं २००३ मध्ये शिकाऊ डॉक्टरांच्या कामावर आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली आणि ही गरज आणखी वाढली. २०१६ मध्ये, वीस वर्षांनी, वॉक्टर आणि गोल्डमन यांनीच पुन्हा लेख लिहिला, तेव्हा अमेरिकेत हॉस्पिटलिस्टची संख्या ५०,००० च्या वर गेली होती. हृदयरोगतज्ज्ञ त्या वेळी साधारण २२,००० होते.

आपाचा दिवस असा असतो. सकाळी सातला ती रात्रीच्या डॉक्टरकडून पंधरा-वीस पेशंट ताब्यात घेते. प्रत्येकाचे रात्रीचे रिपोर्ट बघते, मग प्रत्येकाच्या खाटेपाशी जाते. घरी चालू असलेली औषधं आणि इथं चालू केलेली औषधं समोरासमोर ठेवून तपासते. कुठलं थांबवायचं, कुठलं चालू ठेवायचं, कुठलं एकमेकांना मारक आहे? तज्ज्ञांना तीच बोलावते आणि दोघांची मतं वेगळी पडली तर दोघांशी बोलून निर्णय तीच घेते. घरच्यांना रोज सांगते की काल काय झालं, आज काय करणार, घरी कधी जाता येईल. डिस्चार्जच्या दिवशी फॅमिली डॉक्टरसाठी कागद तयार करते. मी विचारलं, "यात अवघड काय असतं?" ती म्हणाली, "फोन. दिवसातला निम्मा वेळ मी लोकांना एकमेकांशी बोलतं करते."

आता, ही पद्धत म्हणजे जन्नत आहे असं समजू नका. आपाच सांगते की पेशंटला ती आयुष्यात पहिल्यांदा भेटते. वीस वर्षं ओळखणारा फॅमिली डॉक्टर बाजूला पडतो. बरेच हॉस्पिटलिस्ट सात दिवस सलग काम करतात आणि पुढचे सात दिवस सुट्टी घेतात. म्हणजे आठव्या दिवशी पेशंटला नवा चेहरा दिसतो. पेशंटला लवकर घरी पाठवण्याचा दबावही असतो. अडचण पुन्हा तिथंच येते, सोपवण्याच्या क्षणी.

पण तिथं त्यांनी त्या क्षणाचा अभ्यास केला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नऊ रुग्णालयांतल्या बालरोग विभागांमध्ये शिकाऊ डॉक्टरांना पेशंट सोपवण्याची ठरावीक रीत शिकवली. तिला आय-पास म्हणतात. पेशंट किती गंभीर आहे, थोडक्यात हकिकत काय, कोणती कामं बाकी आहेत, रात्री काय बिघडू शकतं आणि बिघडलं तर काय करायचं, हे सांगायचं. शेवटी ऐकणाऱ्यानं ते आपल्या शब्दांत परत सांगायचं. एवढ्यानं उपचारातल्या चुका २३ टक्क्यांनी आणि टाळता येण्याजोगी इजा ३० टक्क्यांनी कमी झाली. कुठलंही नवं औषध नाही, मशीन नाही. बोलण्याची शिस्त. अब्बांच्या वेळी कुणी एवढंच परत म्हणून दाखवलं असतं की "सकाळी उपाशी, म्हणून सकाळचं इन्सुलिन डॉक्टरांना विचारून", तर ती सकाळ आली नसती.

आपल्याकडं काय आहे? मेडिकल कॉलेजच्या सरकारी रुग्णालयात 'युनिट' असतं. पेशंट एका युनिटखाली दाखल होतो, युनिटचे प्रमुख असतात आणि त्यांचे निवासी डॉक्टर चोवीस तास वॉर्डात राबतात. गर्दी प्रचंड असते, खाट मिळत नाही, हे सगळं खरं. पण पेशंट कुणाचा, याचं उत्तर केसपेपरवर असतं. आपण सरकारी दवाखान्याला नावं ठेवतो, पण ही गोष्ट तिथं चांगली आहे.

खासगीत बहुतेक मोठे डॉक्टर व्हिजिटवर येतात. दिवसरात्र वॉर्डात असतो तो आरएमओ. त्याच्याकडं जबाबदारी भरपूर, पण मोठ्या डॉक्टरांना फोन केल्याशिवाय उपचार बदलायचा अधिकार बहुतेकदा नसतो. अब्बांचं बिल मी अजून ठेवलं आहे. त्यात प्रत्येक डॉक्टरच्या प्रत्येक व्हिजिटची ओळ आहे. चारही डॉक्टरांनी पंधरा मिनिटं एकमेकांशी बोलावं, याची ओळ नाही, कारण त्याचे पैसे कुणालाच मिळत नाहीत. आता काही मोठी रुग्णालयं हॉस्पिटलिस्ट नेमायला लागली आहेत. आपल्यातली जी मुलं-मुली मेडिसिनला आहेत, त्यांनी या कामाकडं बघावं. त्यात कार्डिओलॉजिस्टची ऐट नाही, पण वॉर्डातल्या माणसाला जगवणारं काम आहे.

तोपर्यंत आपण काय करायचं? आपल्या मोहल्ल्यात कुणी ॲडमिट झालं की आपण काय करतो, ते आठवा. पन्नास माणसं बघायला जातात. रक्त लागलं तर दहा पोरं रांगेत उभी राहतात. पैसे गोळा होतात. आणि कुणाचा वशिला आहे का, हे शोधलं जातं. नगरसेवकाचा फोन, ओळखीचा कंपाउंडर. वशिल्यानं खोली मिळेल कदाचित, पण त्यानं इन्सुलिनचा डोस तपासला जात नाही. तिथं प्रश्न विचारणारा माणूस लागतो, आणि प्रश्न विचारणं हा आपला हक्क आहे.

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं २०१८ मध्ये रुग्णांच्या हक्कांची सनद तयार केली. त्यात १७ हक्क आहेत. आपल्यावर उपचार करणारे कोण आहेत आणि मुख्य जबाबदारी कोणत्या डॉक्टरांची आहे, हे जाणून घेण्याचा हक्क त्यात लिहिलेला आहे. म्हणजे आपाचा प्रश्न सनदेतच आहे. महाराष्ट्रात २०२१ च्या सुधारित नियमांनुसार खासगी रुग्णालयांनी रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावायची आहे. आणि डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारनियमांनुसार, मागितल्यावर ७२ तासांत उपचारांचे कागद द्यावे लागतात. हे मेहेरबानीनं मिळत नाही, हे आपलंच आहे.

मी चार साधी कामं सांगतो. ती करायला डॉक्टर असावं लागत नाही.

पहिलं, आज घरी गेल्यावर आई-वडिलांच्या सगळ्या औषधांची यादी करा. नाव, डोस, वेळ. हकीमसाहेबांचं चूर्ण आणि मेडिकलमधून परस्पर आणलेली दुखण्याची गोळी त्यात लिहा. रमजानमध्ये शुगरच्या गोळ्यांच्या वेळा कशा बदलता, तेही लिहा. लपवू नका. तुम्ही रोजे ठेवता हे डॉक्टरांना कळलं तरच ते डोस बसवून देतील. त्या कागदाचा फोटो घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये ठेवा.

दुसरं, ॲडमिट केल्यावर अदबीनं विचारा, "डॉक्टर, या पेशंटचे मुख्य डॉक्टर कोण?" ते नाव वहीत लिहा. दुसऱ्या तज्ज्ञानं काही बदललं की विचारा, "हे त्यांना माहीत आहे का?"

तिसरं, सोबत बसणारा एक माणूस ठरवा. पन्नास माणसांनी पन्नास प्रश्न विचारले तर डॉक्टर चिडणारच. एकानं वही सांभाळायची आणि पाळी बदलताना पुढच्याला वहीसकट सगळं सांगायचं. आपले बुजुर्ग सगळ्यांना "ठीक हूँ" म्हणतात. रात्री किती वेळा उठले, किती खाल्लं, हे त्या वहीतून सांगा. आणि पेशंट अम्मी असेल, खाला असेल, तर प्रश्न आधी तिला विचारा. तिच्या दुखण्याबद्दल दाराबाहेर पुरुषांनीच बोलून ठरवू नका.

चौथं, डिस्चार्जच्या दिवशी घाई करू नका. जुन्या औषधांपैकी कोणती चालू, कोणती बंद, पुन्हा कधी दाखवायचं आणि काय झालं तर लगेच यायचं, हे समजून घ्या आणि परत म्हणून दाखवा. मग तो कागद आपल्या फॅमिली डॉक्टरांना नेऊन द्या.

एक गोष्ट कडवट वाटेल, पण बोलतो. पेशंट दगावला की काही ठिकाणी जमाव काचा फोडतो, डॉक्टरवर हात उचलतो. त्याविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे, पण कायदा बाजूला ठेवा. मार खातो तो बहुतेकदा तिथं हजर असलेला, म्हणजे सर्वांत कनिष्ठ डॉक्टर. तो छत्तीस तास जागा असतो आणि निर्णय त्याचा नसतो. त्या सकाळी मलाही राग आला होता. सात वाजताच्या सिस्टर दुसऱ्या दिवशी दिसल्या, तेव्हा त्यांचे डोळे सुजलेले होते. त्यांना कुणीतरी बोललं असणार. मी त्यांना चहा विचारला. त्या म्हणाल्या, "दादा, मला कुणी सांगितलंच नव्हतं." मी म्हणालो, "सिस्टर, मला सांगितलं होतं. मी तुम्हाला सांगितलं नाही."

हे खरं आहे. उपाशी ठेवायचा निरोप आरएमओनं मला दिला होता. इन्सुलिन टोचताना मी शेजारी उभा होतो, हातात मोबाइल होता. डोसमधलं मला काही कळत नव्हतं, पण "यांना आज नाश्ता नाही" एवढं मी बोलू शकलो असतो. बोललो नाही, कारण मला वाटलं की यांना माहीत असेलच. आपण सगळे हेच समजत असतो.

त्यानंतर मी आमच्या भागातल्या सहा-सात मित्रांना घेऊन एक साधी वही तयार केली. कुणी ॲडमिट झालं की आमच्यातला एक जण ती वही घेऊन जातो. पहिल्या पानावर एकच ओळ छापली आहे, 'मुख्य डॉक्टर', आणि पुढं मोकळी जागा. आज येताना मी शंभर वह्या आणल्या आहेत, त्या दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत. जाताना एक-एक घेऊन जा. अल्लाह करो, तुम्हाला ती उघडायची वेळ येऊ नये. पण आलीच, तर पहिली ओळ मोकळी सोडू नका.